हैदराबादच्या काचेवरचे तारे

सप्टेंबर महिना आला की मराठवाड्यात निजामावरून वाद सुरू होतो. १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिन असतो. त्याच्या आठवडाभर आधीपासून मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एका प्रकारात रझाकारांचे अत्याचार असतात आणि त्यांचा हिशेब आजच्या मुसलमानांकडे मागितलेला असतो. दुसऱ्या प्रकारात निजामाचे हिरे, सोनं, दवाखाने, विद्यापीठ यांची यादी असते आणि ‘बघा, आपल्या बादशहानं काय काय दिलं’ असा सूर असतो. मी मराठवाड्यातला मुसलमान, त्यामुळे मला दोन्ही येतात. पहिला बहुतेक शाळेतले मित्र पाठवतात, दुसरा नातेवाईक.

गेल्या वर्षी दुसऱ्या यादीत एक नवी ओळ दिसली. ‘युरोपच्या उपग्रहांनीसुद्धा निजामाच्या वेधशाळेचे आकडे वापरले.’ वाचून मला हसू आलं. अशा गोष्टी कशा तयार होतात ते आपल्याला माहीत आहे. पण कुतूहल म्हणून शोधायला बसलो आणि काही दिवस त्यातच गेले. त्या ओळीत बढाई आहे, पण ती खोटी नाही. खरं काय घडलं ते त्या ओळीपेक्षा जास्त मोलाचं आहे, म्हणून आज ते सविस्तर लिहितो आहे.

नवाबाची दुर्बीण

सुरुवात निजामापासून होत नाही. ती होते नवाब जफर जंग या हैदराबादच्या एका उमरावापासून. त्यांना आकाशाचा नाद होता. १९०१ साली त्यांनी डब्लिनच्या ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण विकत घेतली आणि हैदराबादेत फिसल बंडा इथल्या आपल्या जागेत वेधशाळा उभी करायला घेतली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे त्यांनी परवानगी मागितली, की वेधशाळेला ‘निजामिया’ हे नाव द्यावं आणि आपल्या पश्चात ती सरकारनं ताब्यात घ्यावी. १९०७ साली नवाब वारले. पुढच्याच वर्षी वेधशाळा सरकारच्या अर्थखात्याकडे गेली आणि आर्थर चॅटवूड हे पहिले संचालक म्हणून आले. वेधशाळा बेगमपेठेत हलवली गेली. जी १५ इंची दुर्बीण नवाबांनी हौसेनं आणली होती, ती प्रत्यक्ष उभी राहिली १९२२ साली. तोवर नवाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

पण जगाच्या इतिहासात हैदराबादचं नाव ज्या यंत्रामुळे आलं ते हे नव्हे. ते होतं कुक कंपनीचं ८ इंची छायाचित्रणाचं यंत्र, आणि त्यामागे होती पॅरिसमध्ये ठरलेली एक योजना.

१८८७ साली पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुख ॲडमिरल मूशे यांच्या पुढाकारानं जगभरचे खगोलशास्त्रज्ञ एकत्र आले. आकाशाचे फोटो काढण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं. त्यांनी ठरवलं, की अख्ख्या आकाशाचे पट्टे पाडायचे, प्रत्येक वेधशाळेनं एक पट्टा घ्यायचा, सगळ्यांनी एकाच मापाच्या दुर्बिणीतून काचेच्या प्लेटवर फोटो काढायचे आणि प्रत्येक ताऱ्याची जागा मोजून छापायची. ग्रीनविच, पॅरिस, ऑक्सफर्ड, व्हॅटिकन, केप टाउन अशा वेधशाळांनी पट्टे वाटून घेतले. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतल्या सँतियागो वेधशाळेकडे होता. त्यांच्याकडून ते काम झालं नाही. पट्टा रिकामा राहिला आणि तो हैदराबादनं उचलला.

या पट्ट्यातले तारे आपल्या ओळखीचे आहेत. मृगाच्या खालचा व्याध या पट्ट्याच्या वरच्या काठावर येतो. अनुराधा नक्षत्रातले दोन ठळक तारे याच पट्ट्यात आहेत. आपल्याकडचे शेतकरी ज्या आकाशाकडे बघून पावसाची नक्षत्रं मोजत आले, त्याचाच हा एक तुकडा आहे.

चॅटवूड यांच्यानंतर १९१४ पासून रॉबर्ट पोकॉक यांनी हे काम चालवलं. १९१८ साली ते वारले. मग टी. पी. भास्करन आले. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी १९४४ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ हे काम पुढे नेलं. त्यांच्यानंतर अकबर अली संचालक झाले. दक्षिणेच्या या पट्ट्यासाठी बाराशेच्या वर काचा उघड्या केल्या गेल्या. तो पट्टा संपल्यावर जर्मनीतल्या पोट्सडामच्या वेधशाळेकडून अर्धवट राहिलेल्या उत्तरेकडच्या पट्ट्याचा काही भाग, ३६ ते ३९ अंशांचा, हैदराबादनं घेतला. या सगळ्या मोजमापाचे १२ खंड छापले गेले आणि त्यात लाखो ताऱ्यांच्या जागा आहेत.

काचेवरची मोजणी

हे काम नक्की कसं होतं ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही.

एका काचेवर आकाशाचा दोन अंश बाय दोन अंशांचा तुकडा येई. काचेवर पाच-पाच मिलिमीटरवर बारीक रेघांची जाळी उमटवलेली असे. एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. तारा म्हणजे काचेवरचा एक काळा ठिपका. तो ठिपका जाळीच्या कुठल्या चौकोनात आहे आणि रेघांपासून किती अंतरावर आहे, ते आकडे तो सांगायचा किंवा लिहायचा. मग पुढचा ठिपका. काच संपली की दुसरी काच.

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. पाच किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, साधारण तेवढी एक विकला. या काचांवर एक मिलिमीटर म्हणजे एक कला होती. म्हणजे एक विकला हा मिलिमीटरचा साठावा भाग झाला. मोजणाऱ्यांनी त्याच्याही चौथ्या-पाचव्या हिश्श्यापर्यंत मजल मारली. पगारी कामावर बसलेल्या साध्या माणसांनी वर्षानुवर्षं रोज हेच केलं. व्हॅटिकनमध्ये हे काम चार नन्स करत होत्या. पॅरिस, ग्रीनविच, हैदराबाद, सगळीकडे कामाची तऱ्हा एकच होती. सगळ्या वेधशाळांचं मिळून काम संपायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. हाती आली सुमारे ४६ लाख ताऱ्यांची यादी.

आणि मग ही यादी पडून राहिली.

त्याचं कारण तांत्रिक होतं. काचेवर मिळतात ते मिलिमीटर. त्यांचं आकाशातल्या स्थानात रूपांतर करायचं तर त्याच काचेवरच्या काही ताऱ्यांची खरी जागा आधी माहीत असावी लागते. अशा संदर्भ-ताऱ्यांच्या याद्या तेव्हा होत्या, पण त्या स्वतःच पुरेशा अचूक नव्हत्या. शिवाय प्रत्येक वेधशाळेनं वेगळी यादी वापरली होती. त्यामुळे एका पट्ट्याचं माप दुसऱ्याशी नीट जुळत नव्हतं. बहुतेक वेधशाळांनी तर नुसते मिलिमीटरचे आकडेच छापले होते. इतकं करून यादी वापरायला अवघड. काही शास्त्रज्ञ तर म्हणू लागले, की या योजनेत अनेक वेधशाळांची उमेदीची वर्षं वाया गेली.

अब्बांचं टिपण

इथे मला माझ्या अब्बांची आठवण येते. ते जमीन मोजणीच्या नोकरीत होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शिवारात जात असे. दोन भावांत बांधावरून भांडण असे. एक म्हणे बांध इथं होता, दुसरा म्हणे तिथं. दोघांचे साक्षीदार तयार असत. अब्बा कुणाशी वाद घालत नसत. पिशवीतून जुनं टिपण काढत. कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी साखळी टाकून मोजलेलं, पिवळं पडलेलं, खाली तारीख असलेलं. मग ते आधी न हललेला हद्दीचा दगड शोधत. तो सापडला की तिथून साखळी टाकून जुन्या टिपणातले आकडे जमिनीवर उतरवत. बांध किती सरकला ते आपोआप दिसे. ‘टिपण खोटं नसतं, दगड हलतो,’ असं ते म्हणत. नवी साखळी कितीही चांगली असली, तरी बांध सरकला की नाही हे एकट्या नव्या साखळीला सांगता येत नाही. त्यासाठी जुनं माप लागतंच.

ताऱ्यांचं हेच आहे. आपण त्यांना स्थिर म्हणतो, पण ते सरकतात. या सरकण्याला निजगती म्हणतात. ती फार बारीक असते. बहुतेक ताऱ्यांची वर्षाला विकलेच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. ती मोजायची तर दोन मापं लागतात, एक जुनं आणि एक नवं. मध्ये जितकी जास्त वर्षं, तितकं उत्तर चांगलं.

नवं माप उपग्रहानं दिलं. ८ ऑगस्ट १९८९ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेनं ‘हिपार्कोस’ सोडला. निव्वळ ताऱ्यांच्या जागा मोजण्यासाठी सोडलेला हा पहिला उपग्रह. जमिनीवरून बघताना हवा ताऱ्याला थरथरवते, शिवाय एका वेधशाळेतून सगळं आकाश दिसत नाही. वर या दोन्ही अडचणी नव्हत्या. उपग्रहाचं एक इंजिन पेटलं नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही, तरी १९९३ पर्यंत त्यानं काम केलं. सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांच्या जागा त्यानं विकलेच्या हजाराव्या भागापर्यंत मोजल्या आणि त्यांची निजगतीही सांगितली. १९९७ साली ही यादी प्रसिद्ध झाली.

खगोलशास्त्रज्ञांना आता न हललेला दगड सापडला होता. खरं तर हलणारा, पण किती हलतो ते माहीत असलेला. हिपार्कोसचे तारे मागे-मागे नेऊन १९१६ किंवा १९२५ सालच्या एखाद्या रात्री ते नेमके कुठे होते हे काढता येऊ लागलं. म्हणजे हैदराबादच्या काचेवर त्या रात्री पडलेल्या ठिपक्यांतले काही ठिपके आता पक्के झाले आणि त्यांच्या आधारानं बाकीच्या सगळ्या ठिपक्यांचं माप नव्यानं बसवता आलं. मॉस्कोत छापील खंडांतले आकडे एकेक करून संगणकात भरले गेले होते. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेनं चारही दिशांच्या वेधशाळांचे पट्टे हिपार्कोसच्या मापावर आणले. जमिनीवर, हवेच्या थराखालून, डोळ्यानं केलेली मोजणी सत्तर-ऐंशी वर्षांनी उपग्रहामुळे अचूक झाली.

आणि उलट दिशेनंही मदत झाली. हिपार्कोसवर ‘टायको’ नावाचं दुसरं यंत्र होतं. ते लाखो मंद ताऱ्यांची नोंद घेत होतं. अशा ताऱ्याची जागा त्याला सुमारे ०.०६ विकलेपर्यंत कळत होती. पण तीन-साडेतीन वर्षांत साधारण तारा तेवढासुद्धा सरकत नाही. एकट्या उपग्रहाला या ताऱ्यांची गती नीट सांगता येईना. मग जुनं टिपण काढलं गेलं. काचेवरच्या मोजणीत पाव विकलेची चूक धरली आणि मध्ये ७० वर्षं गेलेली असली, तर वर्षाच्या गतीत ती चूक सुमारे ०.००३६ विकला एवढीच उरते. उपग्रहाच्या तीन वर्षांपेक्षा हे कितीतरी चांगलं. डेन्मार्कचे एरिक ह्योग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘टायको-२’ ही यादी प्रसिद्ध केली. त्यात २५ लाख तारे आहेत. त्यांची गती काढायला उपग्रहाच्या मोजमापाशेजारी पॅरिस योजनेची यादी आणि जमिनीवरच्या आणखी १४३ याद्या ठेवल्या होत्या. पॅरिस योजनेच्या यादीत हैदराबादचे दोन पट्टे होते.

नातेवाइकाच्या संदेशातली ती ओळ एवढीच खरी आहे. एवढीच, पण खरी आहे.

आज तिची गरज बरीच कमी झाली आहे. २०१३ साली सोडलेल्या ‘गाया’ उपग्रहानं १८० कोटींच्या आसपास ताऱ्यांची नोंद केली. जमिनीवरून कुठल्याही दुर्बिणीनं काढलेला फोटो आता गायाच्या यादीशी जुळवून मोजतात. पण गायाची २०१६ सालची पहिली यादी आली, तेव्हा तिच्याकडेही पुरेशी वर्षं नव्हती. वीस लाख ताऱ्यांची गती काढायला तिनं १९९१ च्या सुमाराची हिपार्कोस आणि टायकोची मापं शेजारी ठेवली. पद्धत तीच होती. जुनं टिपण आणि नवी साखळी.

ही वेधशाळा कुणाची?

आता मूळ वादाकडे येतो. याचं श्रेय निजामाला द्यायचं का?

वेधशाळा अर्थखात्याच्या पैशावर चालत होती. तो पैसा निजामाच्या खासगी मालमत्तेचा, म्हणजे सर्फ-ए-खासचा नव्हता. तो राज्याचा महसूल होता आणि त्याचा मोठा भाग शेतसाऱ्यातून येत होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्या राज्यात होते. म्हणजे व्याधाजवळचे तारे मोजणाऱ्यांच्या पगारात आमच्या भागातल्या कुणब्याचा, मांगाचा, तांबोळ्याचा, सगळ्यांचा वाटा होता. त्यांना राज्यकारभारात आवाज नव्हता. १९१९ साली ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. त्या विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांना तिथे आपल्या भाषेतून शिकता येत नव्हतं. स्वातंत्र्य आलं तेव्हा त्या राजवटीनं लोकांचं ऐकलं नाही आणि रझाकारांना मोकळं सोडलं. हे सगळं खरं आहे आणि वेधशाळेच्या बारा खंडांनी ते पुसलं जात नाही.

पण त्या अत्याचारांमुळे हे बारा खंडही पुसले जात नाहीत. एका मुसलमान उमरावाची हौस, इंग्रज संचालकांची शिस्त, भास्करन यांची पाव शतकाची चिकाटी, अकबर अलींनी पुढे चालवलेलं काम आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली माणसं, एवढ्यांनी मिळून ते केलं. पहिल्या संदेशात यातलं कुणीच नसतं. दुसऱ्या संदेशात फक्त निजाम असतो.

आपल्या समाजात आणखी एक सवय आहे. खगोलशास्त्राचा विषय निघाला की आपण थेट समरकंदला पोहोचतो. उलुग बेगनं तिथे चाळीसेक मीटर त्रिज्येचं दगडी यंत्र बांधलं, १४३७ साली १०१८ ताऱ्यांची यादी केली, हे अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण त्याचं मोठेपण कशात होतं हे सांगत नाही. त्याच्या आधीच्या बहुतेक याद्यांत टॉलेमीच्या आकड्यांत काही अंश मिळवून तेच आकडे पुन्हा दिलेले असत. अस-सूफीसारख्या जाणकारानंही, ताऱ्यांची तेजस्विता स्वतः तपासली तरी, जागांच्या बाबतीत तेच केलं. उलुग बेगच्या माणसांनी तारे पुन्हा मोजले. दक्षिणेचे २७ तारे समरकंदहून दिसत नव्हते, ते अस-सूफीच्या ग्रंथातून घेतले आणि तसं लिहून ठेवलं. मोजलं ते मोजलं, घेतलं ते घेतलं. मला अभिमान वाटतो तो या नोंदीचा.

हैदराबादच्या कामाची जातही हीच होती. कुठल्या रात्री काच उघडली, ठिपका कुठे होता, एवढंच त्यांनी लिहून ठेवलं. याचा उपयोग कुणाला आणि कधी होईल हे त्यांना माहीत नव्हतं. कृत्रिम उपग्रह तेव्हा नव्हतेच. राज्य गेलं, नाणं गेलं, फर्मानं रद्दीत गेली. तारीख घालून केलेली नोंद उरली आणि ज्यांना गरज पडली त्यांनी ती उघडली.

आमच्या इतिहासाबद्दल माझं मागणं एवढंच आहे. १९४८ च्या आधीचं आणि नंतरचं, पोलिस कारवाईच्या आधी हिंदूंनी सोसलेलं आणि नंतर मुसलमानांनी सोसलेलं, सगळं असंच लिहून ठेवलं पाहिजे. काय झालं, कुठे झालं, कोणत्या तारखेला झालं. गौरव आणि दोषारोप नंतर करता येतील. बांध किती सरकला हे ठरवायला पुढच्या माणसांना आपलं टिपण लागणार आहे.

यंदा तो संदेश पुन्हा आला, तेव्हा मी त्या नातेवाइकाला उत्तर पाठवलं. ‘बात सही है, पण अर्धी आहे. त्यात नवाब जफर जंग आणि भास्करन यांची नावं घाला.’ तोच मजकूर शाळेतल्या मित्रांच्या गटावरही टाकला. नातेवाइकानं अंगठा दाखवला. गटावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग परभणीच्या एका मित्रानं विचारलं, “ती वेधशाळा आता बघायला मिळते का रे?”